मार्गारेट श्टाइफबाई : सुयांच्या गादीपासून खेळण्यांच्या कारखान्यापर्यंत

ज्या घरांत एखादें मूल पंगु असतें, त्या घरांतील वडील माणसांच्या मनास एक काळजी रात्रंदिवस लागून राहिलेली असते. आपण आहों तोंवर या मुलाच्या पोटाला कमी पडणार नाहीं. परंतु आपल्यामागें त्याला कोण सांभाळील, ही ती काळजी होय. जर्मनी देशांतील एका लहानशा गांवीं अशीच एक मुलगी होती, आणि तिच्या आईबापांसही हीच चिंता जाळीत असे. पुढें त्याच मुलीनें आपल्या एका धड हाताच्या बळावर स्वतःचें पोट भरलें. एवढेंच नव्हे, तर शेंकडों घरांना तिनें काम दिलें, आणि तिच्या येथील खेळणीं समुद्रापलीकडे जाऊं लागलीं. या सर्व उद्योगाचा आरंभ मात्र एका क्षुल्लक वस्तूपासून, म्हणजे सुया टोचून ठेवण्याच्या एका लहानशा गादीपासून झाला. आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ स्त्रीपुरुषांच्या हातीं कला आहे. कोणाला टोपली विणतां येते, कोणाला गोधडी शिवतां येते, कोणाला दोर वळतां येतो. परंतु त्या कलेपासून चार पैसे नियमानें घरांत कसे यावेत, हें पुष्कळांस उमगत नाहीं. अशांनीं मार्गारेट श्टाइफबाईंचें चरित्र मन लावून वाचण्याजोगें आहे.

दक्षिण जर्मनींत पूर्वी वुर्टेंबर्ग नांवाचें एक राज्य होतें. त्या राज्यांत ब्रेन्झ नदीच्या कांठीं गीन्गेन नांवाचें एक जुनें गांव आहे. तेथें फ्रीडरिख श्टाइफ नांवाचे एक गवंडीकामाचे मिस्त्री राहत असत. त्यांच्या घरीं ता. 24 जुलै 1847 रोजीं मार्गारेटचा जन्म झाला. चार भावंडांत ती तिसरी. मारी व पाउलीने या तिच्या थोरल्या बहिणी, आणि फ्रिट्झ हा धाकटा भाऊ. मूल अंगानें धडधाकट होतें. परंतु तें दीड वर्षाचें असतांना त्याला जोराचा ताप आला. ताप उतरल्यावर पाहतात तों दोन्ही पाय लुळे पडलेले, आणि उजवा हात हालविला कीं वेदना होत. हा रोग ज्याला आपण आतां पोलिओ म्हणतों तोच होता. त्या काळीं त्याला प्रतिबंध करणारी लस नव्हती. ती निघावयास आणखी शंभर वर्षें लागावयाचीं होतीं.

आईबापांनीं उपायांत कांहीं उणें ठेविलें नाहीं. मार्गारेट नऊ वर्षांची असतांना, म्हणजे 1856 सालीं, तिला लुडविग्सबुर्ग येथील डॉक्टर वेर्नर यांच्या मुलांच्या दवाखान्यांत नेण्यांत आलें. तेथें तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि मग विल्डबाड येथील ऊन पाण्याच्या झऱ्यावर तिला स्नानासाठीं ठेवण्यांत आलें. घरापासून दूर राहून मुलीनें हें सर्व सोसलें, परंतु पायांत बळ आलें नाहीं. आईबापांचा पैसा गेला, आशाही गेली. मुलगी मात्र रडत बसली नाहीं. ती स्वभावानें हंसतमुख होती. शेजारचीं मुलें तिला लहानशा हातगाड्यांत बसवून शाळेंत ओढून नेत, आणि शाळेच्या वरच्या मजल्यावर एक बाई तिला उचलून नेई. खेळाच्या वेळीं ती गाड्यांत बसूनच इतर मुलांना नवे नवे खेळ सुचवी, आणि लहान पोरें तिच्याभोंवतीं जमत. मुलांना काय आवडतें हें तिला पुढें जें इतकें अचूक कळत असे, त्याचा पाया बहुधा याच दिवसांत घातला गेला असावा.

शाळा संपल्यावर तिनें शिवणकाम शिकण्याचा हट्ट धरिला. बापास हें पटेना. जिचा उजवा हात धड वर होत नाहीं, ती सुई कशी चालविणार, असें त्यांना वाटे, आणि त्यांचें वाटणें अगदींच निराधार नव्हतें. आरंभीं मार्गारेटचे टांके वांकडेतिकडे पडत आणि काम फार सावकाश होई. परंतु तिनें शिवणवर्ग सोडला नाहीं. सतराव्या वर्षापर्यंत तिच्या मनानें एक गोष्ट स्वीकारली, ती ही कीं आपले पाय आतां बरे होणार नाहींत. आणि म्हणून बरे होण्याची वाट पाहण्यांत आयुष्य घालवावयाचें नाहीं. हा निश्चय होतांच तिच्या कामाला वेगळेंच बळ आलें. ती चांगली शिवणकारीण झाली. तिला झिदर नांवाचें तंतुवाद्यही वाजवितां येत असे. तें इतर मुलांना शिकवून ती थोडा पैसा मिळवूं लागली.

तिच्या थोरल्या बहिणींनीं 1862 सालीं बायकांचे कपडे शिवण्याचा धंदा काढिला होता. मार्गारेट त्यांच्याबरोबर काम करूं लागली. पुढें बहिणींचीं लग्नें होऊन त्या सासरीं गेल्या, आणि धंद्याचा भार पंगु बहिणीवर पडला. पुष्कळांना वाटलें असेल कीं आतां दुकानाला कुलूप लागणार. तसें झालें नाहीं. शिवणकामांतून व वाद्य शिकवून सांठविलेल्या पैशांतून श्टाइफांच्या घरांत शिवणयंत्र आलें. गीन्गेन गांवांतील तें पहिलेंच शिवणयंत्र होतें. परंतु यंत्राचें चाक असतें उजव्या बाजूला, आणि मार्गारेटच्या उजव्या हातांत तें फिरविण्याचें बळ नव्हतें. तिनें काय केलें? यंत्रच उलट बाजूनें फिरवून ठेविलें आणि चाक डाव्या हाताशीं आणिलें. गोष्ट दिसावयास लहान आहे. परंतु हत्यार आपल्या हातास जमत नसलें तर हत्यार टाकून न देतां तें आपल्या सोयीनें मांडून घ्यावें, ही अक्कल सर्वांसच सुचते असें नाहीं. जो बाप एके काळीं शिवणकामास नाराज होता, त्यानेंच 1874 सालीं आपल्या घराची फेररचना करून मुलीसाठीं शिवणकामाची खोली बांधून दिली.

आतां येथून मार्गारेटबाईंच्या धंद्याचा खरा इतिहास सुरू होतो. गीन्गेन गांवांत त्यांच्या नातलगांचा नमदा तयार करण्याचा कारखाना होता. नमदा म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. आपल्याकडील घोंगडी सूत कांतून मागावर विणतात. नमदा तसा विणीत नाहींत. लोकर ओली करून, दाबून व मळून तिचाच जाड कपडा बनवितात. त्यांत उभा आडवा धागा नसल्यामुळें तो कोठेंही कापला तरी कडा उसवत नाहीं, आणि कड दुमडून शिवण्याचे श्रम वांचतात. नात्यांतील एका बहिणीच्या यजमानांनीं सुचविल्यावरून मार्गारेटबाईंनीं 1877 सालीं नमद्याच्या कपड्यांचें दुकान घातलें. त्या नमद्याचे परकर व मुलांचे झगे शिवूं लागल्या. थंड मुलखांत असे उबदार परकर बायकांना हवेच असत. मालाला मागणी आली, आणि हाताखालीं कांहीं शिवणाऱ्या बाया ठेवाव्या लागल्या. म्हणजे ज्या मुलीला कोण पोसणार अशी चिंता होती, ती तिशीच्या वयांत दुसऱ्यांना मजुरी देऊं लागली. चरित्र येथेंच संपलें असतें तरी तें सांगण्याजोगें झालें असतें.

1879 सालच्या डिसेंबर महिन्यांत एका जर्मन स्त्रियांच्या मासिकांत कापडाच्या हत्तीचा एक नमुना छापून आला. मार्गारेटबाईंच्या तो दृष्टीस पडला. नमद्याचे तुकडे त्या नमुन्याप्रमाणें कापून, शिवून, आंत मऊ लोकर भरून त्यांनीं लहान लहान हत्ती तयार केले. उद्देश इतकाच होता कीं बायकांना सुया व टांचण्या टोचून ठेवण्यास गादी व्हावी, आणि ती दिसावयासही गोजिरवाणी असावी. असे हत्ती त्यांनीं ओळखीच्या बायकांस भेट म्हणून दिले. परंतु झालें असें कीं ज्या घरीं हत्ती गेला, त्या घरच्या मुलांनीं तो आईच्या शिवणाच्या डब्यांतून पळविला आणि खेळावयास घेतला.

या ठिकाणीं वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. त्या काळच्या मुलांचीं खेळणीं बहुधा लांकडाचीं, पत्र्याचीं किंवा चिनी मातीचीं असत. तीं कठीण असत, टोंचत, पडलीं तर फुटत. उराशीं धरून निजावें असें मऊ खेळणें बाजारांत क्वचितच मिळे. आपण केली सुयांची गादी, आणि लोक तिचें खेळणें करितात, याचा राग एखाद्या कारागिराला आला असता. मार्गारेटबाईंनीं मात्र आपल्या मनांतील हेतु बाजूला ठेविला आणि घेणाऱ्याच्या हातांत वस्तूचें काय होतें तें पाहिलें. मुलांना हवें आहे ना, मग हें खेळणेंच, असें ठरवून त्या हत्ती करूं लागल्या. म्हणूनच 1880 हें साल त्यांच्या खेळण्यांच्या धंद्याचा आरंभ म्हणून मानितात.

तरी पण ओळखीच्या घरीं वस्तु आवडणें ही एक गोष्ट, आणि अनोळखी माणसानें खिशांतून पैसे काढून ती विकत घेणें ही दुसरी. भेट मिळालेल्या वस्तूस कोणी नांव ठेवीत नाहीं; वस्तूची खरी परीक्षा बाजारांत होते. मार्गारेटबाईंस बाजारांत जाऊन बसणें शक्य नव्हतें. तें काम त्यांच्या भावानें केलें. फ्रिट्झ हा बापाप्रमाणेंच बांधकामाचा धंदा करी. त्यानें हत्तींनीं भरलेलें पोतें घेतलें आणि जवळच्या हायडनहाइम गांवच्या बाजारांत नेऊन मांडलें. सर्व हत्ती खपले, आणि आणखी हत्तींची मागणी घेऊन तो घरीं परतला. 1886 सालापर्यंत पांच हजारांवर हत्ती विकले गेले होते. पहिला हत्ती शिवल्यापासून सहासात वर्षें लोटलीं होतीं. एका रात्रींत कांहींच झालें नव्हतें.

हत्ती खपतो म्हटल्यावर पुष्कळ जण आयुष्यभर हत्तीच करीत बसले असते. आणि दुसरे कित्येक, हातीं चार पैसे येतांच, भलतेच धंदे एकदम मांडून बसले असते. मार्गारेटबाईंनीं या दोहोंमधील वाट धरिली. नमदा तोच, आंतला भराव तोच, शिवण्याची रीत तीच, शिवणाऱ्या बायाही त्याच. बदलला तो फक्त कापण्याचा नमुना. हत्तीच्या पाठोपाठ माकड आलें, गाढव आलें, घोडा, उंट, डुक्कर, उंदीर, कुत्रा, मांजर, ससा व जिराफ हेही आले. एकच प्राणी लहानमोठ्या आकारांत करण्यांत येई, म्हणजे ज्याची जशी ऐपत तसें त्यानें घ्यावें. कांहींना पुढें चाकेंही लाविलीं, म्हणजे मुलांना तीं ओढून नेतां यावींत. अशा रीतीनें एका वस्तूची एक मालिकाच तयार झाली. हत्ती घेऊन गेलेलें गिऱ्हाईक पुढच्या खेपेस उंट घेण्यास येऊं लागलें. नवीन जिन्नस वाढले, पण नवें हत्यार किंवा नवा कच्चा माल फारसा घ्यावा लागला नाहीं. 1892 सालीं मार्गारेटबाईंनीं आपल्या मालाची सचित्र यादी छापून काढिली. त्यामुळें दूरच्या दुकानदारालाही घरबसल्या पाहतां येऊं लागलें कीं गीन्गेन येथें काय काय मिळतें.

मालाच्या चांगुलपणाविषयीं त्या फार कडक असत. मुलांच्या हातीं जें द्यावयाचें तें उत्तमच असलें पाहिजे, मुलाला कळत नाहीं म्हणून हलका माल त्याच्या गळ्यांत बांधूं नये, हें त्यांचें ब्रीद होतें, आणि त्यांच्या नांवाबरोबर तें आजही सांगितलें जातें. नव्या खेळण्याचा पहिला नमुना त्या स्वतः तपासून पाहत. तो मनास आल्यावांचून पुढचा माल कापावयास घेत नसत. खुर्चीत बसून असल्या तरी कामाच्या खोल्यांतून त्यांची नजर सर्वत्र फिरे.

जुनें घर आतां अपुरें पडूं लागलें. तेव्हां भाऊ फ्रिट्झ यानें 1890 सालच्या सुमारास नवें घर बांधून दिलें. खालीं दुकान, आणि बहिणीच्या चाकांच्या खुर्चीची सोय ध्यानांत ठेवून बाकीची रचना, असें तें घर होतें. 1893 सालीं नमद्याच्या खेळण्यांचा कारखाना म्हणून धंद्याची सरकारदरबारीं नोंद झाली. त्याच वर्षीं लाइपझिग येथील प्रसिद्ध व्यापारी जत्रेंत श्टाइफांचीं खेळणीं प्रथम मांडण्यांत आलीं. त्या वेळीं कारखान्यांत माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच होतीं. बाकीच्या बाया आपापल्या घरीं बसून शिवीत असत. घरकाम व लेंकरें सांभाळून ज्यांना कारखान्यांत येणें शक्य नव्हतें, त्यांच्या घरीं या रीतीनें थोडाबहुत पैसा जाऊं लागला.

मार्गारेटबाईंनीं लग्न केलें नाहीं. परंतु फ्रिट्झचे मुलगे आत्याच्या अंगाखांद्यावर वाढले, आणि थोर झाल्यावर त्यांतील सहा जण एकामागून एक तिच्या धंद्यांत शिरले. त्यांत रिखार्ड हा विशेष कल्पक होता. स्टुटगार्ट येथें चित्रकला शिकत असतांना तो तेथील प्राणिसंग्रहांत जाऊन अस्वलांचीं चित्रें काढीत बसे. 1897 सालीं तो कारखान्यांत आला, आणि 1902 सालीं त्यानें एक नवें अस्वल तयार केलें. त्याचे हातपाय व मान सांध्यांवर फिरत, आणि त्याचें अंग नमद्याचें नसून अंगोरा जातीच्या बोकडांच्या केंसांपासून विणलेल्या लवदार कापडाचें होतें. हें कापड महाग असे. आत्याबाईंस या अस्वलाविषयीं आरंभीं शंका होती असें सांगतात. इतका खर्च केलेली वस्तु कोण घेईल, हा प्रश्न त्यांच्यासारख्या जपून चालणाऱ्या व्यापारी बाईच्या मनांत येणें साहजिकच होतें. तरी पण त्यांनीं भाच्याचा हात धरिला नाहीं. अस्वल जत्रेंत पाठविण्यास परवानगी दिली.

1903 सालच्या लाइपझिगच्या जत्रेंत तें अस्वल मांडलें गेलें. दिवसामागून दिवस गेले, पण कोणी त्याकडे वळून पाहीना. जत्रा संपत आली, आणि आत्याची शंका खरी ठरणार असें दिसूं लागलें. तेव्हां शेवटीं शेवटीं अमेरिकेतील एका पेढीचा खरेदीदार तेथें आला. त्याला कांहींतरी नवें व मऊ खेळणें हवें होतें. त्यानें एकदम तीन हजार अस्वलांची मागणी नोंदविली. पुढच्या वर्षीं, म्हणजे 1904 सालीं, अमेरिकेतील सेंट लुईस शहरीं जगांतील मालाचें मोठें प्रदर्शन भरलें. तेथें श्टाइफांच्या खेळण्यांस सुवर्णपदक मिळालें, आणि बारा हजार अस्वलें विकलीं गेलीं.

या अस्वलाचें टेडी हें नांव मात्र जर्मनींतलें नव्हे. अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लोक लाडानें टेडी म्हणत. 1902 सालच्या नोव्हेंबरांत मिसिसिपी प्रांतांत शिकारीस गेले असतां, बांधून ठेविलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचें त्यांनीं नाकारिलें. त्या प्रसंगाचें व्यंगचित्र वर्तमानपत्रांत आलें आणि अस्वलाला टेडी हें नांव चिकटलें. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतील मॉरिस मिक्टम या दुकानदारानेंही त्याच सुमारास आपल्या पत्नीच्या मदतीनें कापडाचें अस्वल करून विकावयास ठेविलें होतें. म्हणून पहिलें टेडी अस्वल कोणाचें, याचें श्रेय दोन्ही घरांना वाटून द्यावें हेंच न्यायाचें आहे.

ज्या वस्तूला मागणी असते तिची नक्कल निघावयास वेळ लागत नाहीं. श्टाइफांसारखीं दिसणारीं, परंतु हलक्या कापडाचीं व कच्च्या शिवणीचीं खेळणीं लवकरच बाजारांत आलीं. दुसऱ्याचा वाईट माल आपल्या नांवावर खपूं लागला, तर पंचवीस वर्षांची अब्रू एका वर्षांत जाते. यावर फ्रान्झ नांवाच्या भाच्यानें 1904 सालीं एक युक्ति काढिली. प्रत्येक खेळण्याच्या डाव्या कानांत धातूची एक लहानशी गुंडी ठोकावयाची. कानांत गुंडी असेल तें श्टाइफांचें, नसेल तें नव्हे. आरंभींच्या गुंडीवर हत्तीचें चित्र होतें. ज्या हत्तीपासून धंदा निघाला त्याचीच ती खूण होती. 1905 सालीं या खुणेची कायदेशीर नोंद करण्यांत आली. जें मूल वाचूं शकत नाहीं त्यालाही ओळखतां यावी अशी ही खूण होती. आजही त्या कारखान्याच्या खेळण्यांच्या कानांत गुंडी असते.

यानंतर धंदा झपाट्यानें वाढला. 1907 या एका सालीं 9,74,000 अस्वलें तयार झालीं. त्या वेळीं कारखान्यांत 400 माणसें होतीं, आणि घरीं बसून काम करणारीं आणखी 1,800 होतीं. 1903 सालीं रिखार्डच्या कल्पनेवरून लोखंड व कांच यांची एक इमारत बांधण्यांत आली होती. भिंतींच्या जागीं कांच असल्यामुळें शिवणाऱ्या बायांना दिवसभर भरपूर उजेड मिळे. बारीक टांक्याचें काम करणाऱ्याच्या डोळ्यांस उजेडाची किती गरज असते, हें ज्यानें दिव्याच्या मिणमिणत्या प्रकाशांत सुई ओंवली आहे त्याला सांगावयास नको.

इतकी भरभराट डोळ्यांनीं पाहून मार्गारेटबाई ता. 9 मे 1909 रोजीं फुफ्फुसाच्या दाहानें वारल्या. त्यांचें वय त्या वेळीं 61 वर्षांचें होतें. जन्मभर त्या आपल्या पायांवर एक पाऊलही चालल्या नाहींत. त्यांच्यामागें भाच्यांनीं कारखाना चालविला. तो अद्यापि गीन्गेन येथें चालू आहे, आणि 2005 सालीं तेथें या खेळण्यांचें एक मोठें संग्रहालय उघडण्यांत आलें.

आतां कोणी म्हणेल कीं हें सर्व ठीक, परंतु ती बाई जर्मनींतली. आमच्या खेड्यास याचा काय उपयोग? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. मार्गारेटबाईंस कांहीं अनुकूल गोष्टी होत्या. नमद्याचा कारखाना नात्यांतच होता. बाप व भाऊ घर बांधणारे होते. भाचे हुशार व शिकलेले निघाले. आगगाडी व छापखाना जवळ होता. केवळ मनांत जिद्द होती म्हणून सर्व झालें, असें सांगणें खोटेपणाचें होईल. ज्याला कच्चा माल मिळत नाहीं आणि ज्याचा माल बाजारांत नेणारें कोणी नाहीं, त्याला नुसता धीराचा उपदेश करून भागत नाहीं. परंतु हेंही खरें कीं त्याच गांवांत तोच नमदा इतर पुष्कळांना मिळत होता, आणि त्यांच्या हातून हत्ती झाला नाहीं.

या चरित्रांतून घेण्याजोग्या गोष्टी अशा आहेत. पहिली ही कीं कच्चा माल जवळचा असावा. नमदा गांवांतच होता म्हणून स्वस्त पडला. आपल्याकडे कोठें बांबू आहे, कोठें घायपाताचा वाख आहे, कोठें लोकर आहे, कोठें शिंप्याच्या दुकानांतील चिंध्या आहेत. दुसरी गोष्ट, एकच वस्तु दहादां सारखी करतां आली पाहिजे. आपला कारागीर एक टोपली सुबक करितो, दुसरी घाईनें करितो, आणि तिसरीचें माप वेगळेंच असतें. अशा मालाला दुकानदार हात लावीत नाहीं. कापण्याचा नमुना किंवा मापाची काठी एकदां नीट करून ठेविली, तर घरांतील कोणीही बसून तीच वस्तु तशीच करूं शकतो. तिसरी, वस्तु घेणारा तिचा काय उपयोग करितो तें डोळे उघडे ठेवून पाहावें. आपण ज्याला धान्याची दुरडी म्हणतों, तिच्यांत शहरची बाई फळें ठेवीत असेल, तर फळांना शोभेल अशीच ती करावी. चौथी, एका वस्तूचा जम बसल्यावर तिच्याच जातीची दुसरी करावी. दुरडीवरून सूप, सुपावरून लहान परडी. पांचवी, किंमत ठरवितांना मालाचा खर्च, लागलेले दिवस, आणि बाजारास जाण्यायेण्याचें भाडें हीं तिन्ही धरावींत. नाहीं तर विक्री झाल्याचा आनंद होतो, आणि वर्षाच्या शेवटीं हिशेब पाहतां हातीं कांहींच उरत नाहीं. सहावी, आपल्या मालावर आपली एक खूण असावी, आणि ती खूण ज्यावर आहे तो माल कधींही खोटा निघूं नये. खूण करणें सोपें आहे. तिला जपणें कठीण.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती खरें पाहतां सर्वांत आधीं सांगावयास हवी होती. मार्गारेट शिवीत असे, पण पोतें बाजारांत नेलें तें फ्रिट्झनें. जो बसून काम करितो त्याला चालणारा कोणीतरी लागतो. आपल्या मंडळ्यांत घरोघरीं पाहिलें, तर एखादी पांगळी मुलगी, एखादा लंगडा तरुण, एखादी म्हातारी विधवा कोपऱ्यांत बसलेली दिसते. त्यांना ताटांत भाकरी मिळते, आणि ती देणारे प्रेमानेंच देतात. परंतु त्यांच्या हातांत काम देण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. आठवड्याच्या बाजारीं जाणारा तरुण आपल्या शेंगांच्या पोत्याबरोबर शेजारच्या पांगळ्या मुलीनें केलेल्या दहा परड्या घेऊन गेला, आणि विकून आलेले पैसे मोजून तिच्या हातीं दिले, तर त्याचें ओझें फारसें वाढणार नाहीं. गांवोगांवच्या उपदेशकांनीं पुढच्या बाजाराच्या आधीं आपल्या गांवांत अशीं किती माणसें आहेत, त्यांच्या हातांस कोणतें काम येतें, आणि त्यांचा माल घेऊन जाण्यास कोण तयार आहे, याची एक साधी यादी करून पाहावी.